बुफो टायफोनियस गेला कुठे? अमेझॉनच्या पानभेकांची नावं आणि मुलूख

प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करणाऱ्या एका विद्यार्थिनीचे हे प्रश्न आहेत. पनामातल्या बारो कोलोराडो बेटावरच्या भेकांच्या (इंग्रजीत टोड, खडबडीत कातडीचे बेडूक) मीलनाविषयीचा १९७९चा एक शोधनिबंध तिने वाचला. त्यात प्राण्याचं नाव 'बुफो टायफोनियस' असं दिलं आहे. आजच्या सूचीत ते नाव शोधलं, तर भेकाऐवजी झाडावर राहणारा एक बेडूक समोर येतो. दुसरी अडचण घरची. ब्राझीलमधल्या मनौसला नोकरीनिमित्त राहणाऱ्या मामांनी दोन फोटो पाठवलेत. एकात वाळक्या पाचोळ्यात बसलेला छोटा, टोकदार नाकाचा भेक आहे. दुसऱ्यात घराच्या पायरीवर ठाण मांडून बसलेलं चांगलंच दांडगं धूड. दोघांच्याही नावात पुढे 'रायनेला' कसं, त्या पाचोळ्यातल्या भेकाच्या जाती नक्की किती, आणि फोटोंखाली काय लिहायचं, असं तिने विचारलं आहे.

निबंधातल्या भेकाचं उत्तर एका ओळीत देता येतं. बारो कोलोराडोचा तो भेक आज 'रायनेला अलाटा' आहे. केंटवुड वेल्स यांनी १९७९मध्ये जे पाहिलं ते सगळं या जातीविषयी आहे, आणि ते आजही वापरण्याजोगं आहे. फक्त तीच निरीक्षणं 'टायफोनियस' या नावामुळे बोलिव्हियातल्या किंवा गयानातल्या भेकांना लावू नका. ते वेगळे प्राणी आहेत.

आता हे असं का झालं, ते सांगतो. थोडं लांबेल.

ज्या गटाविषयी बोलतोय त्याला शास्त्रीय लेखनात 'रायनेला मार्गारिटिफेरा गट' म्हणतात. मी सोयीसाठी पानभेक म्हणेन. मध्य आणि दक्षिण अमेरिकेतल्या दमट जंगलांच्या जमिनीवर, पाचोळ्यात हे राहतात. दिवसा हिंडतात, मुंग्या-वाळवी टिपतात, आणि रात्री बुटक्या झुडपांच्या पानांवर चढून झोपतात. म्हणून जंगलात रात्री टॉर्च घेऊन फिरलात तर ते दिवसापेक्षा सहज दिसतात. पाठीचा रंग तपकिरी, राखाडी, तांबूस, कधी पिवळट. पुष्कळदा मधोमध एक फिकी रेघ असते, थेट पानाच्या शिरेसारखी. डोळ्यांच्या वर आणि मागे हाडांचे कंगोरे, जबड्याच्या कोपऱ्यात हाडाचा एक टेंगूळ, कडेने टोकदार पुळ्यांची रांग, आणि काही जातींत तर पाठीच्या मणक्यांची टोकंही कातडीखालून उठून दिसतात.

ओळखीची पहिली पंचाईत इथेच होते. हे कंगोरे वयाप्रमाणे वाढतात. पिलांना ते नसतातच म्हटलं तरी चालेल, नरांना बेताचे असतात, आणि काही जातींच्या मोठ्या माद्यांत ते डोक्याच्या दोन्ही बाजूंना पंखासारखे पसरतात. त्यामुळे एकाच तळ्याकाठी गोळा केलेले एकाच जातीचे नर, मादी आणि पिल्लू तीन जातींचे वाटू शकतात. उलट तीन जातींची पिलं एका बशीत ठेवली तर वेगळी काढता येणार नाहीत. शिवाय एकाच ओढ्यावर रंगांची इतकी सरमिसळ असते की रंगावरून जात ठरवणाऱ्याचं मी तरी ऐकत नाही. पूर्वीच्या अभ्यासकांनी एक तर भरमसाट नावं दिली, नाहीतर कंटाळून सगळ्यांना एकाच नावात कोंबलं. विसाव्या शतकाचा बराचसा काळ दुसऱ्या मार्गाने गेला. 'बुफो टायफोनियस' हे ते गाठोडं. पनामापासून बोलिव्हियापर्यंत आणि अटलांटिक किनाऱ्यापर्यंत, पानासारखा दिसणारा कुठलाही भेक त्यात.

नावाचं मूळ १७५८मध्ये आहे. प्राण्यांच्या शास्त्रीय नावांची अधिकृत सुरुवात लिनिअसच्या 'सिस्टेमा नॅचुरे' या ग्रंथाच्या त्या वर्षीच्या दहाव्या आवृत्तीपासून धरतात. त्याआधीचं काहीच ग्राह्य नाही. त्यात लिनिअसने 'राना टायफोनिया' नावाचा एक प्राणी नोंदवला. त्याचा शिष्य डॅनियल रोलँडर सुरिनामला जाऊन आला होता, आणि ही नोंद त्याच्या माहितीवर उभी होती. वर्णन त्रोटक. पुढच्या लोकांनी ते पानभेकाला लावलं आणि ते चिकटलं. १९८०च्या दशकात लायडनच्या मारिनस होगमूड या डच संशोधकाने या गटाची जुनी प्रकरणं उकरून काढायला घेतली, आणि लिनिअसचं वर्णन या भेकाला बसत नाही हे लक्षात आणून दिलं. (मारिनस नावाच्या माणसाने भेकांवर आयुष्य घालवावं, हा योगायोग भेकवाल्यांच्या वर्तुळात गमतीने सांगितला जातो. का ते पुढे येईल.) अखेर २०१०मध्ये एस्तेबान लाविल्या आणि सहकाऱ्यांनी रोलँडरचा तो प्राणी म्हणजे नक्की काय याचा छडा लावला. तो भेक नव्हता. अंगातून दुधासारखा चिकट स्राव सोडणारा, झाडावर राहणारा मोठा बेडूक होता. म्हणून आज टायफोनियस हे नाव 'ट्रॅकिसेफॅलस टायफोनियस' या वृक्षबेडकाकडे आहे. तोवर त्या बेडकाला लॉरेंटीने १७६८मध्ये दिलेलं 'वेन्युलोसा' हे नाव चालत होतं. ते मागे पडलं, कारण दहा वर्षांनी जुनं नाव हाती लागलं होतं. तुमच्या शोधात बेडूक समोर आला तो यामुळे.

शास्त्रीय नाव म्हणजे प्राण्याचं वर्णन, असं बहुतेकांना वाटतं. प्रत्यक्षात ते सातबाऱ्यावरच्या नोंदीसारखं असतं. ते एका ठरावीक नमुन्याला आणि त्या नमुन्याच्या ठिकाणाला बांधलेलं असतं, आणि जात दोन ठिकाणी फुटली की मूळ नाव त्या नमुन्याच्या वाट्याला आलेल्या तुकड्याकडेच राहतं. कोण अधिक प्रसिद्ध आहे, कोणाचे फोटो अधिक आहेत, हे कोणी विचारत नाही. पानभेकांच्या सगळ्या गोंधळाची किल्ली ही एकच आहे. नाव वाचण्याआधी ठिकाण वाचा.

टायफोनियस गेल्यावर भेकासाठी पुढचं जुनं नाव शिल्लक होतं, लॉरेंटीचं १७६८मधलं 'राना मार्गारिटिफेरा', म्हणजे मोत्यांनी मढलेला. १९९०च्या सुमारापासून पुस्तकांत 'बुफो मार्गारिटिफर' दिसू लागतो तो म्हणून. पण त्याचीही अवस्था फार चांगली नव्हती. लॉरेंटीसमोर प्राणी नव्हता, चित्र होतं. ॲम्स्टरडॅमचा औषधविक्या अल्बर्टस सेबा याने जगभरच्या खलाशांकडून प्राणी विकत घेऊन मोठा संग्रह केला होता आणि त्याचे सचित्र खंड १७३४पासून छापले होते. अठराव्या शतकातल्या कितीतरी जातींचा उगम त्या चित्रांत आहे. चित्र सुंदर असलं तरी भेक कुठल्या नदीकाठचा ते त्यात नसतं. ज्या नावाला ना नमुना ना ठिकाण, त्याखाली तुम्ही काहीही ढकलू शकता, आणि लोकांनी ढकललंही. २०१३मध्ये लाविल्या आणि मंडळींनी ब्राझीलमधला एक नमुना या नावाचा नवा आधार म्हणून निश्चित केला. याला निओटाइप म्हणतात. मूळ नमुना नाही, मिळण्याची आशा नाही, आणि नावाचा वाद मिटत नाही, अशा वेळीच हे करायला मुभा आहे. माझ्या मते या गटाच्या बाबतीत ते पूर्वीच व्हायला हवं होतं. निओटाइप नसताना 'खरा मार्गारिटिफेरा' कोणता यावर जेवढी शाई गेली त्यातली बरीच वाया गेली.

मधल्या काळातला तिसरा माणूस जर्मन प्राणिशास्त्रज्ञ योहान स्पिक्स. वनस्पतिशास्त्रज्ञ मार्टिअसबरोबर तो १८१७ ते १८२० ब्राझीलमध्ये हिंडला आणि १८२४मध्ये त्याने अमेझॉनच्या भेकांची एका दमात बरीच नावं छापली. 'प्रोबोसिडियस' आणि 'अक्युटिरोस्ट्रिस' ही दोन्ही त्याचीच, आणि दोन्ही पानभेकच. त्याचे नमुने म्युनिकला होते. त्यातले पुष्कळ दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बहल्ल्यात गेले. तरी त्याने ठिकाणं दिली होती, त्यामुळे सेबाच्या चित्रांपेक्षा त्याची नावं कितीतरी भरवशाची. पॅरिसच्या संग्रहालयातल्या तोमिनोने १८८४मध्ये पनामाच्या संयोगभूमीवरचा एक भेक 'बुफो अलाटस' म्हणून नोंदवला. ते नाव शंभरहून अधिक वर्षं टायफोनियसच्या गाठोड्यात धूळ खात पडलं होतं. २०१५मध्ये इक्वाडोर आणि पनामाच्या संशोधकांनी पनामा आणि पश्चिम इक्वाडोरचे भेक ताडून पाहिले. दोन्हीकडचे एकाच जातीचे निघाले, आणि अँडीज पर्वताच्या पूर्वेकडच्या भेकांपासून वेगळे. त्या पश्चिमेकडच्या मुलखाला तोमिनोचं नाव तयारच होतं. नवं नाव काढण्याची गरजच पडली नाही.

आता 'रायनेला' कुठून आलं? इथे तुमच्या दोन फोटोंचा संबंध जुळतो. स्पिक्सने लांब नाकाच्या भेकांसाठी 'ऑक्सिरिंकस' असं उपवंशाचं नाव काढलं होतं. ते आधीच दुसऱ्या प्राण्यासाठी वापरलं गेलं होतं, म्हणून १८२६मध्ये फिट्झिंगरने त्याजागी 'रायनेला' ठेवलं. वंश म्हणजे जवळच्या जातींचा गट, नावातला पहिला शब्द त्याचाच. या वंशाची आधारजात, म्हणजे वंशाचं नाव जिला बांधलेलं आहे ती जात, स्पिक्सचाच प्रोबोसिडियस. म्हणजे रायनेला हे मुळात पानभेकांचंच नाव. पण त्याकडे फार कोणी लक्ष देत नव्हतं, कारण जगातले बहुतेक भेक, युरोपातले, भारतातले, अमेरिकेतले, सगळे 'बुफो' या एकाच वंशात होते. २००६मध्ये न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीतल्या डॅरेल फ्रॉस्ट आणि त्यांच्या मोठ्या चमूने उभयचरांची वंशावळ नव्याने मांडली आणि त्या बुफोचे तुकडे केले. आपल्या अंगणातला बुफो मेलॅनोस्टिक्टस 'दत्ताफ्रायनस' झाला तो याच कामात. सुशील कुमार दत्ता या ओडिशातल्या बेडूकतज्ज्ञांच्या सन्मानार्थ ते नाव दिलं आहे. कोयनेहून १९६३मध्ये सोमण यांनी वर्णन केलेला भेकही बुफोमध्येच होता. २००९मध्ये त्याला आंबोलीच्या नव्या जातीसह 'झॅन्थोफ्राइन' हा स्वतंत्र वंश मिळाला.

दक्षिण अमेरिकेत २००६च्या मांडणीने पानभेक रायनेलात आणि बाकीचे बरेच मोठे भेक 'चाउनस' या वंशात घातले. ते वर्षभरही टिकलं नाही. २००७मध्ये चापारो, प्रामुक आणि ग्लूसेनकॅम्प यांनी दाखवलं की पानभेक हे चाउनसच्या फांद्यांमध्येच गुंतलेले आहेत, त्यांना बाजूला काढून उरलेल्यांचा वंश करता येत नाही. दोन्ही एकत्र केले तर जुनं नाव कोणतं? रायनेला १८२६चं, चाउनस १८२८चं. दोन वर्षांच्या फरकाने पाचोळ्यातल्या बोटभर भेकाचं नाव ऑस्ट्रेलियाला छळणाऱ्या केन टोडला (पूर्वीचा बुफो मारिनस, आता रायनेला मरीना) लागलं. मला हा निकाल फार आवडतो. आज या वंशात नव्वदीच्या घरात जाती आहेत, दक्षिण टेक्सासपासून पार पातागोनियाच्या बाजूपर्यंत, आणि त्यात वाळवंटी, पहाडी, गवताळ असे सगळे प्रकार आहेत. पानभेक त्यातला एक गट.

जुन्या निबंधांत एकच भेक चार वेगवेगळ्या नावांनी भेटतो, त्याचं कारण हे सगळं आहे. त्यात व्याकरणाचा एक किरकोळ ताप आणखी. बुफो पुल्लिंगी, रायनेला स्त्रीलिंगी, म्हणून मारिनसची मरीना, प्रोबोसिडियसची प्रोबोसिडिया. लेखकाचं नाव आणि साल कंसात दिसलं, तर समजावं की त्या लेखकाने जात वेगळ्या वंशात मांडली होती. एवढं लक्षात ठेवलं तरी जुन्या सूची वाचताना अर्धी डोकेदुखी कमी होते.

आता मुलूख. विद्यार्थ्यांना मी जातींची यादी पाठ करायला सांगत नाही, नकाशा समोर घ्यायला सांगतो. अँडीजच्या पश्चिमेला अलाटा: पनामा, पश्चिम कोलंबिया, पश्चिम इक्वाडोर. तिथे प्रश्न सोपा आहे. अँडीज ओलांडून पूर्व उतारावर आलं की गुंता सुरू. पेरूच्या मध्य भागातल्या डोंगरउतारांवरून २०१४मध्ये 'रायनेला युंगा' आली. तिला कानाचा बाह्य पडदा नाही, आणि या गटात ही गोष्ट लगेच नजरेत भरते. उत्तरेला पेरूतल्या रोके गावाच्या नावाने 'रोकेआना', मेलिनने १९४१मध्ये मांडलेली. कोलंबियाच्या काकेता भागात 'क्रिस्टिनी', व्हेनेझुएलाच्या सान लुईस डोंगरांत 'स्क्लेरोसेफाला', बोलिव्हियाच्या उतारांवर 'स्टॅनलाई'. वरच्या अमेझॉनमध्ये 'डॅप्सिलिस' आहे, नाकाच्या शेंड्याला मांसल टोक असलेली. ती बघितली की एकदम ओळखू येते, निदान मोठी असेल तर.

गयानांकडे परिस्थिती वेगळ्या वाटेने उलगडली. फ्रेंच गयानातले पानभेक एकाच जातीचे समजले जात होते. आंत्वान फूके आणि सहकाऱ्यांनी त्यांचे डीएनए तपासले तेव्हा एकाच जंगलात राहणारे वंशावळीचे वेगवेगळे धागे निघाले. मग शरीराकडे पुन्हा नीट पाहिलं, तर आकारात, कंगोऱ्यांत फरक होताच, नजरेतून सुटला होता. २००७मध्ये 'मार्टियाय' आणि 'लेस्क्युराय' अशी दोन नावं दिली गेली. त्याच वर्षी तापाजोस नदीच्या परिसरातून 'मॅग्नुसोनाय' आली, मनौसचे परिसंस्थातज्ज्ञ विल्यम मॅग्नुसन यांच्या नावाने.

ब्राझीलच्या पारा राज्यात शिंगू नदीकडे 'कॅस्टॅनिओटिका' राहते, आणि तिच्यावर मी थोडा रेंगाळणार आहे. ब्राझील नटची फळं म्हणजे लाकडी कवचाचे गोळे. ती झाडावरून पडतात, अगुती नावाचा उंदरासारखा पण सशाएवढा प्राणी त्यांना भोक पाडून आतल्या बिया नेतो, आणि रिकाम्या कवचात पावसाचं पाणी साठतं. या वाटीभर पाण्यात या भेकाचे बेडूकमासे वाढतात. जॅनली कॉल्डवेल यांनी १९९१मध्ये जातीचं वर्णन केलं आणि नंतर त्या कवचांतल्या जगाचाही अभ्यास केला. त्याच कवचात एका विषारी बेडकाचे बेडूकमासे असतात, डासांच्या शिकारी अळ्या असतात, आणि कोण आधी पोचला त्यावर कोण कोणाला खाणार हे ठरतं. पानभेकांतल्या इतर जाती ओढ्याकाठच्या किंवा साचलेल्या पाण्यात अंडी घालतात. एखादा भेक अंडी कुठे घालतो हे 'टायफोनियस' या एका नावाखाली कोणी लिहिलं असतं, तर 'ही जात ओढ्यातही घालते आणि नटाच्या कवचातही' असं वाचायला मिळालं असतं, आणि लोकांनी तिच्या लवचिकतेचं कौतुक केलं असतं. नाव चुकलं की जीवशास्त्रही चुकतं, ते असं.

असंच दुसरं उदाहरण प्रोबोसिडियाचं. मध्य अमेझॉनमध्ये या जातीचे नर एका रात्रीत शेकड्याने एका पाण्याशी जमतात आणि मादीवर इतकी झुंबड उडते की काही माद्या बुडून मरतात. २०१२मध्ये छापलेल्या निरीक्षणांनुसार नर मेलेल्या मादीच्या पोटावर दाब देऊन अंडी बाहेर काढतात आणि ती फलित करतात. हे वाचून लोक नाक मुरडतात, पण मादीने वाढवलेली अंडी वाया जात नाहीत, हेही खरं आहे. हे वर्तन प्रोबोसिडियात पाहिलं गेलंय. 'पानभेक असं करतात' असं लिहू नका.

अमेझॉनच्या दक्षिणेला जंगल तुटक होत जातं आणि सेर्राडोचा कोरडा पट्टा लागतो. तिथे नदीकाठच्या जंगलांच्या पट्ट्यांत 'सिटुला', पँटानाल या पाणथळ प्रदेशाकडे वरच्या पॅराग्वे नदीच्या खोऱ्यात 'पॅराग्वेयेन्सिस', आणि २०१५मध्ये एकाच निबंधात आलेल्या 'गिल्डी' व 'सेबेनाय'. या पट्ट्याच्या पलीकडे ब्राझीलच्या पूर्व किनाऱ्याच्या अटलांटिक जंगलात एकटी 'होगमोडाय', सेआरा राज्यापासून पाराना राज्यापर्यंत, २००६मध्ये नाव मिळालेली. हो, त्याच मारिनस होगमूड यांच्या नावाने. अमेझॉनच्या पानभेकांपासून हा भेक शेकडो किलोमीटर सुक्या प्रदेशाने तोडलेला आहे, तरी कैक वर्षं तोही टायफोनियसच होता. कधीकाळी दोन्ही जंगलं जोडलेली असावीत याचा पुरावा म्हणून या अंतराकडे बघतात.

तर जाती किती? नाव मिळालेल्या विसाच्या आसपास. हा आकडा स्थिर नाही आणि माझ्या हयातीत स्थिर होणार नाही. कारण मार्गारिटिफेरा या नावाखाली अजूनही एकापेक्षा अधिक जाती आहेत. डीएनएच्या झाडावर त्या निरनिराळ्या फांद्यांवर बसतात, आणि मधल्या फांद्यांवर आधीच नाव मिळालेल्या जाती बसलेल्या असतात. धोक्यातल्या प्रजातींच्या लाल यादीत मार्गारिटिफेरापुढे 'फारशी चिंता नाही' असा शेरा आहे, कारण मुलूख फार मोठा. माझ्या दृष्टीने तो शेरा जवळपास निरर्थक आहे. मुलूख मोठा दिसतो कारण बरेच छोटे मुलूख एकत्र रंगवलेत. त्यातला एखादा छोटा मुलूख सोयाबीनच्या शेताखाली गेला तर नकाशावर काहीच हलणार नाही.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. डीएनएच्या एका जनुकात अमुक टक्के फरक सापडला की नवी जात जाहीर करण्याची घाई मला पटत नाही. भेक दुसऱ्या जातीशी संकर करतात, आणि आईकडून येणारं मायटोकॉन्ड्रियाचं जनुक एका जातीतून दुसरीत सरळ घुसतं. २०११मध्ये मरीना आणि तेव्हा 'श्नायडराय' म्हटल्या जाणाऱ्या मोठ्या भेकाच्या संकरपट्ट्यात हे मोठ्या प्रमाणावर झाल्याचं दाखवलं गेलं. तिथे फक्त ते एक जनुक पाहणारा माणूस भेक ओळखायला हमखास चुकेल. पेशीकेंद्रकातली जनुकं, शरीर, आवाज आणि ठिकाण, चारही गोष्टी एकाच दिशेला बोट दाखवत असतील तरच नवं नाव द्यावं. आवाजाकडे दुर्लक्ष होतं आणि ते मला खटकतं, कारण भेक एकमेकांना आवाजाने ओळखतात, टक्केवारीने नाही.

आता पायरीवरच्या भेकाकडे. मनौसमधलं ते धूड बहुधा 'रायनेला मरीना'. लिनिअसने १७५८मध्ये 'राना मरीना' म्हटलेलं, सेबाच्याच चित्रावरून. सेबाचा समज होता की हा प्राणी जमिनीवर आणि समुद्रात दोन्हीकडे राहतो. समुद्राशी त्याचा संबंध नाही, पण नाव तसंच राहिलं. हाच पूर्वीचा बुफो मारिनस, आणि होगमूडांच्या पहिल्या नावाची गंमत हीच. मरीनाच्या बाबतीतही तेच घडलं जे पानभेकांत घडलं होतं. व्हेनेझुएला आणि कोलंबियात अँडीजच्या दोन बाजूंचे भेक ताडल्यावर २०१६मध्ये पश्चिमेकडच्या भेकांना वेगळी जात मानण्यात आलं. नाव कोणाकडे राहिलं? मरीना हे नाव सुरिनामला बांधलेलं आहे, म्हणून पूर्वेकडच्यांकडे. पश्चिमेकडच्यांसाठी वीगमनने १८३३मध्ये मेक्सिकोतून दिलेलं 'हॉरिबिलिस' वर काढावं लागलं. मध्य अमेरिकेतला आणि दक्षिण टेक्सासमधला मोठा भेक आज हॉरिबिलिस आहे.

ऑस्ट्रेलियातला केन टोड मात्र मरीनाच. उसातल्या भुंगेऱ्यांचा बंदोबस्त व्हावा म्हणून क्वीन्सलँडमध्ये १९३५मध्ये तो हवाईहून नेला. हवाईला तो १९३२मध्ये पोर्तो रिकोहून आला होता, आणि पोर्तो रिकोचे भेक इतर कॅरिबियन बेटांमार्गे मुळात गयानांच्या किनाऱ्यावरून आलेले. म्हणजे अँडीजच्या पूर्वेकडचे. पनामातून नेले असते तर आज नाव दुसरं असतं. भारतात केन टोड नाही. पावसाळ्यात आपल्याकडे 'केन टोड सापडला' म्हणून जे फोटो फिरतात त्यात नेहमीचा दत्ताफ्रायनस असतो. त्याच्या डोक्यावरचे काळे कंगोरे पाहा. मरीनाच्या डोळ्यांमागे खांद्यापर्यंत उतरणाऱ्या अवाढव्य विषग्रंथी असतात, त्या आपल्या भेकाला तेवढ्या नाहीत.

राहिला पाचोळ्यातला फोटो. मनौसच्या उत्तरेकडच्या जंगलांत, विशेषतः डुके राखीव जंगलात, नेहमी भेटणारा पानभेक म्हणजे प्रोबोसिडिया. तुमच्या वर्णनातलं टोकदार नाक त्याला जुळतं. पण मनौसला रिओ नेग्रो आणि सोलिमोएस एकमेकींना मिळतात, आणि मामांनी फोटो कुठल्या काठावर काढला ते तुम्ही लिहिलेलं नाही. अमेझॉनमध्ये अशा मोठ्या नद्या जातींच्या सीमा असतात. समोरच्या काठावर दुसरी फांदी असू शकते. त्यांना विचारा: कोणता काठ, शहरापासून किती दूर, महिना कोणता, आणि शक्य असेल तर त्याच प्राण्याचा बाजूने आणि वरून काढलेला आणखी एखादा फोटो आहे का. डोक्याचे कंगोरे आणि कानाचा पडदा बाजूनेच दिसतात. वरून काढलेल्या फोटोत फक्त पानाची नक्कल दिसते, आणि नक्कल तर सगळेच करतात.

उत्तर काठ, डुकेच्या बाजूचा असेल, तर फोटोखाली 'रायनेला प्रोबोसिडिया (स्पिक्स, १८२४)' असं लिहा. स्पिक्सचं नाव कंसात, कारण त्याने ते बुफो म्हणून दिलं होतं. काठ कळला नाही, किंवा प्राणी बोटाच्या पेराएवढं पिल्लू असेल, तर 'रायनेला, मार्गारिटिफेरा गट, मनौस' एवढंच लिहा आणि तारीख टाका. पायरीवरच्याखाली 'रायनेला मरीना (लिनिअस, १७५८)'. आणि तुमच्या प्रबंधात १९७९च्या निबंधाचा उल्लेख करताना मूळ नाव तसंच ठेवा, त्यापुढे 'आता रायनेला अलाटा' असं जोडा. जुनं नाव पुसलंत तर पुढच्या वाचकाला तो निबंध सापडणार नाही.